वाचकांचे प्रश्न : छोट्या लोहमार्गांची छोटी इंजिने

गेल्या अंकात बार्शी लाइट रेल्वेच्या एका वाफेच्या इंजिनाचे जुने छायाचित्र छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांत आठवणी बऱ्याच आहेत, पण प्रश्नही नेमके आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. काही पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : बार्शी गाडीचे इंजिन मुंबईच्या मोठ्या गाडीच्या इंजिनापुढे अगदीच लहान दिसे. रूळ अरुंद म्हणून इंजिन लहान, एवढेच त्याचे कारण होते का? मोठ्या इंजिनाचीच ती लहान आवृत्ती होती का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : रुळांतील अंतर कमी असणे हे एक कारण खरे, पण ते मुख्य नव्हे. इंजिन किती मोठे करता येईल हे ठरते ते त्याच्या एकेका आसावर, म्हणजे चाकांची जोडी ज्यावर बसते त्या ॲक्सलवर, किती भार येतो यावरून. रूळ, त्याखालचे स्लीपर, खडीचा थर आणि ओढ्या-नाल्यांवरचे लहान पूल यांना गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका जागी येणाऱ्या आसाच्या भाराचा त्रास अधिक होतो. मुख्य मार्गापासून एखाद्या बाजारपेठेच्या गावापर्यंत फाटा काढणाऱ्या कंपन्यांचे भांडवल बेताचे असे आणि त्यांना मोठी काटकसर करता येई ती हलके रूळ व साधे पूल घालूनच. म्हणून अशा मार्गाचा अभियंता आधी रूळ ठरवी आणि मग त्या रुळाला सोसेल असे इंजिन कारखान्याकडून मागवी.

बार्शीची गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुंबईहून मद्रासकडे जाणारा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मार्ग तिच्यापासून सुमारे 22 मैल दूरवरून गेला. त्या मार्गावरील बार्शी रोड या स्थानकापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, माल बैलगाड्यांनी न्यावा लागे. जीआयपीमध्ये 1882 पासून नोकरी केलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हा फाटा काढण्याचे मनावर घेतले, 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून गाडी सुरू झाली. हे रूळ यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो वजनाचे होते. मुख्य मार्गावरचे रूळ याच्या दुपटीहून जड असत.

कॅलथ्रॉप यांनी घातलेली अट साधी होती. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार येता कामा नये. तोवर सर्वसाधारण पद्धत अशी होती की इंजिनाचा आस डब्याच्या आसाहून कितीतरी जड असे, म्हणून रूळ इंजिनाच्या मापाने टाकावे लागत, आणि मागून येणाऱ्या सगळ्या डब्यांखाली त्या रुळांची निम्मी ताकद वाया जाई. सर्व आसांवर सारखाच भार ठेवला तर रुळात घातलेल्या प्रत्येक रुपयाचे काम होते. इंजिनाला जड होता येत नाही हे खरे, पण डब्यांना मात्र पुरते भरता येते. आमच्या मते बार्शीच्या मार्गाचे खरे श्रेय या हिशेबाला आहे, इंजिनाला त्यानंतर.

आता इंजिनाकडे वळू. लीड्सच्या किट्सन कारखान्याने बार्शीसाठी केलेली पहिली इंजिने शून्य-आठ-चार अशा चाकरचनेची होती. म्हणजे पुढे मोकळी चाके नाहीत, मध्ये एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ ओढती चाके, आणि मागे चार मोकळी चाके. आठ चाकांचे चार आस, प्रत्येकी 5 टन, म्हणजे ओढत्या चाकांवर 20 टन भार. कोरड्या रुळावर चाक साधारणपणे आपल्यावरील भाराच्या चौथ्या हिश्शाएवढी ओढ सहन करते, त्यापुढे ते जागच्या जागी फिरू लागते. त्यामुळे या इंजिनाची ओढ फार तर 5 टनांची. शंभरास एक अशा चढावर एक टन वजन वर न्यायला चढापोटी 10 किलो आणि घर्षणापोटी आणखी चार-पाच किलो ओढ लागते असे धरले, तर 5 टनांच्या ओढीत इंजिनासह सुमारे 330 टनांची गाडी हलते. हा कागदावरचा कमाल आकडा आहे. बॉयलर वाफ किती पुरवतो यावर प्रत्यक्षातला आकडा कमी होतो. तरीही ज्याला आपण खेळण्यासारखे इंजिन म्हणतो त्याच्या अंगात किती बळ होते ते यावरून कळेल. मागची चार चाके काही ओढत नसत. कोळसा व पाण्याचा जो भार ओढत्या चाकांना नियमाबाहेर नेईल, तो त्यांच्यावर टाकलेला असे.

म्हणून मोठ्या इंजिनाची ही लहान आवृत्ती नव्हती. मोठ्या इंजिनाचे सर्वच भाग त्याच प्रमाणात लहान केले असते तर ओढही तितकीच उणावली असती. येथे भार अनेक आसांवर वाटून देऊन ओढ टिकवली आहे. शिवाय अडीच फुटांच्या रुळांवर चाकांच्या आत फ्रेम घेतली तर भट्टीला जागाच उरत नाही. म्हणून अरुंद मार्गांच्या पुष्कळ इंजिनांत चाके आत आणि फ्रेम बाहेर अशी उलटी मांडणी दिसते, आणि पिस्टनच्या दांड्याने फिरणारा भुजा फ्रेमच्याही बाहेर, आसाच्या टोकावर बसवलेला असतो.

हे सर्व साहित्य भारतात पाठवण्यापूर्वी कॅलथ्रॉप यांनी लीड्सजवळ न्यूले येथे खास मार्ग टाकून त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. हाच विचार त्यांनी पुढे इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड या 1904 साली सुरू झालेल्या अडीच फुटी मार्गावर वापरला. तेथील दोन किट्सन इंजिनांपैकी एकाला त्यांचेच नाव होते आणि दोन्हींवर भारतीय थाटाचे भले मोठे दिवे बसवलेले होते. हे गृहस्थ उत्तरायुष्यात विमानातून उडी घेण्याच्या पॅराशूटच्या मागे लागले, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बार्शीचा मार्ग पुढे 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचला व त्याची एकूण लांबी 202 मैलांची झाली. पंढरपूर जोडले गेल्यावर कापसाच्या जोडीला आषाढी-कार्तिकीची गर्दी आली, आणि ती गर्दी याच आसभाराच्या मर्यादेत वाहून न्यावी लागे. 1 जानेवारी 1954 रोजी हा मार्ग सरकारने घेतला.

प्रश्न : बडोदे संस्थानात म्हणे आगगाडी बैल ओढत असत. ही दंतकथा आहे का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : दंतकथा नव्हे. महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत 1862 मध्ये डभोई ते मियागाम हा अडीच फुटी मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरील डबे बैलच ओढत. पुढच्याच वर्षी नीलसन कारखान्याची छोटी इंजिने आणली गेली, पण मार्गावरचे रूळ होते यार्डाला अवघ्या 13 पौंडांचे. त्यांना इंजिनाचा नित्याचा भार सोसवेना, आणि बैल काही सुटले नाहीत. 1873 मध्ये अधिक वजनाचे रूळ टाकल्यावरच तो मार्ग इंजिनांसाठी खऱ्या अर्थाने तयार झाला. वर बार्शीविषयी जे लिहिले त्याचा हा पंचवीस-तीस वर्षे आधीचा पुरावाच म्हणावा लागेल: इंजिन आधी आणि रूळ मागाहून असा क्रम लागला की इंजिन उभे राहते.

प्रश्न : माथेरानच्या गाडीला वाफेची इंजिने होती तेव्हा मी लहानपणी त्यांतून प्रवास केला आहे. एवढ्या आवळ वळणांवरून सहा चाकांचे ताठ इंजिन रुळावरून न उतरता कसे वळत असे? मोठेपणी बऱ्याच जणांना विचारले, कोणी नीट सांगितले नाही. (एक वाचक, कर्जत)

उत्तर : आपला प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, आणि उत्तर लांबले तरी ते नीट द्यायला हवे.

नेरळ-माथेरान मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी आपले वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने बांधला. 1904 मध्ये काम सुरू झाले, 1907 मध्ये गाडी सुरू झाली आणि खर्च सुमारे 16 लाख रुपये आला. रुळांतील अंतर दोन फूट, चढ वीसास एक, आणि डोंगराच्या अंगाने जाणारी वळणे एकापाठोपाठ एक. या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कारखान्याकडून चार इंजिने मागवली होती. रेल्वेप्रेमी त्यांना 738 ते 741 या क्रमांकांनी ओळखतात.

अडचण अशी. चढ इतका तीव्र की इंजिनाचे सगळे वजन ओढत्या चाकांवरच हवे. मोकळ्या चाकांवर एक किलोही घालवणे परवडणार नाही. म्हणून सहाच्या सहा चाके ओढती. पण सहा चाके दांड्यांनी जोडायची तर तिन्ही आस एकमेकांना समांतर राहायला हवेत, आणि तीन समांतर आसांची ताठ गाडी आवळ वळणावर घातली की पहिल्या व शेवटच्या चाकांच्या कडा रुळाला घासतात, रूळ झिजतो, आणि कधीतरी कड रुळावर चढते. मधल्या चाकांना कड न ठेवणे हा एक जुना तोडगा होता, पण त्याने भागत नसे. इंजिनाचे दोन तुकडे करून ते बिजागरीने जोडणे हा दुसरा, पण त्यात वाफेचे नळही वाकते करावे लागतात आणि इंजिन महागते.

जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या रेल्वेतले क्लीन आणि लिंडनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिसराच मार्ग काढला, आणि माथेरानच्या इंजिनांत तोच वापरलेला आहे. त्यांनी आसच दुहेरी केला. आत एक भरीव आस, जो बाहेरच्या फ्रेममधील बेअरिंगांत बसतो आणि ज्याच्या टोकांवर दांड्यांनी फिरणारे भुजे असतात. त्याच्याभोवती एक पोकळ, नळीसारखा आस, आणि चाके बसवलेली असतात ती या पोकळ आसावर. दोन्ही आस एकमेकांना भेटतात ते फक्त मधोमध, जेथे आतल्या आसावर एक गोळा घडवलेला असतो व त्यातून एक जाड खीळ आरपार गेलेली असते. आपल्या खुब्याच्या सांध्याप्रमाणे बाहेरचा आस या गोळ्याभोवती थोडा तिरपा होऊ शकतो, मात्र खिळीमुळे आतला आस फिरला की बाहेरच्यालाही फिरावेच लागते. पोकळीचे तोंड दोन्ही टोकांना रुंद ठेवलेले असते, म्हणून तिरपे होताना नळी आतल्या आसावर आदळत नाही.

याचा परिणाम असा की भुजे, दांडे व भरीव आस नेहमी समांतर आणि ताठ राहतात, सिलिंडरला वळणाची काही वार्ताच नसते. आणि त्याच वेळी पुढची व मागची चाके वळणाप्रमाणे आपापली दिशा धरतात. मधला आस मात्र साधाच असतो. फ्रेम चाकांच्या बाहेर असल्याशिवाय हे जमतच नाही, कारण चाकांच्या पलीकडे जाऊन भरीव आसाला टेकू द्यावा लागतो. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने आघाडीवरच्या तात्पुरत्या मार्गांसाठी जी आठ चाकी इंजिने मोठ्या संख्येने बांधली, त्यांतही पहिला व शेवटचा आस याच घडणीचा होता.

या युक्तीचा दोषही सांगायला हवा. झिजणारा सांधा नळीच्या आत दडलेला, म्हणजे त्याला तेल पोचवणे जिकिरीचे आणि तो किती झिजला हे बाहेरून दिसत नाही. पाहायचे तर चाके काढून आस उघडावा लागतो. लहान मार्गाच्या लहान कार्यशाळेला हे काम सोपे नव्हते, आणि तरीही ही इंजिने 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घाट चढत राहिली, याचे श्रेय कारखान्याइतकेच नेरळच्या फिटरांना दिले पाहिजे.

प्रश्न : अशा इंजिनांना मागे कोळशापाण्याचा स्वतंत्र डबा, म्हणजे टेंडर, का नसे? आणि दार्जिलिंगच्या इंजिनावर पुढे दोन माणसे कशासाठी बसत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, चाकाची रुळावरील पकड.

टेंडर हा इंजिनाच्या दृष्टीने ओढायचा आणखी एक डबा. लांब पल्ल्याच्या इंजिनाला तो हवाच, पण दर काही मैलांवर पाणी मिळणाऱ्या छोट्या मार्गावर तेच पाणी इंजिनाच्या अंगावर घेतले तर त्याचे वजन चाकांना पकड देते. म्हणून टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना किंवा त्याच्या पाठीवर खोगिरासारख्या बसवत. पाणी संपत जाते तशी पकडही थोडी कमी होत जाते हे त्यातले उणे. एक सोय आणखी: टेंडर नसलेले इंजिन उलटे चालवायला अडत नाही, म्हणून शेवटच्या स्थानकावर ते फिरवण्याचा खर्च टाळता येतो.

दार्जिलिंगचा दोन फुटी मार्ग 1881 मध्ये पुरा झाला. तेथील बी वर्गाची इंजिने 1889 पासून शार्प स्ट्यूअर्ट कारखान्याने बांधायला घेतली आणि पुढे 1920च्या दशकापर्यंत त्या वर्गाची 34 इंजिने झाली. चाके फक्त चार, सर्व ओढती, टाकी बॉयलरच्या पाठीवर आणि कोळसा ड्रायव्हरच्या पुढ्यात. त्या मार्गावरील ॲगनी पॉइंट हे वळण जेमतेम 59.5 फूट त्रिज्येचे आहे. चारच चाके असल्यामुळे तेथे दुहेरी आसाची गरज पडली नाही.

पुढच्या तुळईवर बसणारी दोन माणसे वाळू टाकणारी. वीसास एक चढावर दर टनामागे चढापोटीच 50 किलो ओढ लागते. वळणांचे व घर्षणाचे धरून 60 म्हणू. इंजिन 15 टनांचे मानले तर कोरड्या रुळावर त्याची पकड 3750 किलोंची, म्हणजे इंजिनासह सुमारे 62 टन आणि इंजिन वजा जाता 47 टनांची गाडी. धुके, दव किंवा पाला पडून रूळ बुळबुळीत झाला की पकड चौथ्या हिश्शावरून दहाव्या हिश्शावर येऊ शकते. मग तेच इंजिन आपल्यामागे जेमतेम 10 टन ओढेल, म्हणजे एखाद-दुसरा डबा. रुळावर मूठभर वाळू पडली की पकड बरीचशी परत येते. वाळू नळीतून सोडण्याची सोय इंजिनांत असते, पण सतत वळणाऱ्या, ओल्या घाटात माणसाचा हात अधिक भरवशाचा ठरला. चढावर इंजिनाला ओझे असते ते डब्यांच्या बरोबरीने त्याच्या स्वतःच्या वजनाचेही, हे या हिशेबात लक्षात येईल.

प्रश्न : चढाचे समजले, पण वाफेचे इंजिन माथेरानहून उतरताना गाडी आवरत कसे? (एक वाचक, नेरळ)

उत्तर : ते काम एकट्या इंजिनाचे नसे. डब्यांवर हाताने आवळायचे ब्रेक असत, त्यांवर ब्रेकवाले नेमलेले असत, आणि ड्रायव्हरच्या शिटीच्या इशाऱ्यावर ते ब्रेक कसत किंवा सैल करत. वेग तर मुळातच ताशी 20 किलोमीटरांच्या आत ठेवलेला. पावसाळ्यात गाडी बंद ठेवण्याची जी जुनी प्रथा आहे, तिचे मुख्य कारण मात्र दरडी आणि मार्गाखालची माती वाहून जाणे हे आहे.

प्रश्न : ही इंजिने आज कोठे पाहता येतील? मुलांना दाखवायची आहेत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालती इंजिने पाहायची तर दार्जिलिंगला जावे, तेथे बी वर्गातील काही इंजिने अजून वाफेवर धावतात. त्याच वर्गातले एक इंजिन नंतर माथेरानच्या मार्गासाठी नेरळला आणले गेले. बार्शीचा मार्ग आता पुरता रुंद झाला आहे, त्यामुळे कुर्डुवाडी किंवा मिरजेला जुनी गाडी भेटणार नाही. नागपूरला मोतीबाग येथे नॅरोगेज मार्गांचे स्वतंत्र संग्रहालय आहे, ते पुण्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि मुलांना घेऊन जाण्याजोगे आहे. माथेरानच्या मूळ चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तेथे गेलात तर मुलांना इंजिनाच्या बाजूने वाकून चाकांच्या मध्ये पाहायला सांगा: पहिला आणि तिसरा आस मधल्या आसापेक्षा चांगलाच जाड दिसला पाहिजे, कारण दिसते ती बाहेरची नळी असते आणि फिरवणारा आस तिच्या आत असतो.